रंजिताभाभींचं कुकू

रंजिताभाभी नऊ वर्षं टांग्यात राहून आल्या, असं आमच्या लोधीपुऱ्यात कुणालाही सांगितलं की समोरचा घोड्याविषयी विचारतोच. टांगा हे टांझानियातलं समुद्राकाठचं गाव, तिथं योगेंद्रभाऊ ठिबक सिंचनाच्या कामाला होते, एवढा खुलासा होईपर्यंत ऐकणाऱ्याचं हसून झालेलं असतं. भाभी कधी रागवल्या नाहीत. "घोडा नव्हता, पण हवा मस्त होती," म्हणायच्या.

तिथल्या स्वाहिली भाषेनं मात्र भाभींच्या नात्यागोत्याची पार खिचडी करून टाकली होती. मी कॉलेज संपवून घरी आले त्याच दिवसांतली गोष्ट. त्या आमच्याकडं दह्याला विरजण मागायला आल्या होत्या आणि बोलता बोलता आईला सांगत होत्या, "तिथला पिलाव मला मामा झुहुरानं शिकवला."

"मामा स्वयंपाक करायचे?" आईनं कौतुकानं विचारलं.

"मामा बाई होत्या."

"बाई?"

"हो ना. मला त्या दादा म्हणायच्या. आणि ह्यांना काका."

आईनं विरजणाची वाटी माझ्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीवर बसली. तिथं मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हे भाभींनी पुन्हा पुन्हा समजावलं. आईनं मान डोलावली. भाभी गेल्यावर मला म्हणाली, "चांगली आहे बिचारी. पण नवऱ्याला काका?"

अशा गोष्टी गल्लीत फिरायला वेळ लागत नाही. आमची गल्ली तशी मनानं वाईट नाही. पण भाभींबद्दल सगळ्यांनी मिळून एक समजूत करून घेतली होती, की ही बाहेर देशात राहिलेली, हिला आपल्यात काय करमणार. म्हणून सगळ्या जणी त्यांच्याशी फार चांगलं वागायच्या. गेटपाशी उभ्या राहून हसायच्या, "कशा आहात?" विचारायच्या आणि निघून जायच्या. संक्रांतीला तिळगूळसुद्धा गेटवरूनच दिला. आत कुणी येईना. पौष संपत आला, घरोघरी हळदीकुंकू झालं, पण भाभींना बोलवायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना हे आवडेल का, असा प्रत्येकीला प्रश्न.

भाभींना एवढी एकच गोष्ट हवी होती, कुणीतरी आत येऊन बसावं. मुलगी हिमानी इंदूरला होस्टेलला, भाऊ दिवसभर कामावर, आणि दुपारी शेजारच्या कापडाच्या लूमचा खटखट आवाज. टांग्यात म्हणे दुपार उतरली की बायका दारात चटई टाकून बसायच्या, कुणीही कुणाच्या चुलीवरचं झाकण उघडून बघायचं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता त्यांनी मला विचारलं, "माझ्यात काही गडबड आहे का गं? सगळे गेटवरूनच परत जातात."

मी काहीतरी समजूत घातली. ती त्यांना पटली नाही, हे मलाही कळलं.

घरात तशी सोबत होती. सासूबाई, मथुराबाई. मथुराबाईंनी गुरुमंत्र घेतलेला, गळ्यात तुळशीची माळ. घरात मांसमच्छी शिजायची नाही आणि त्याचं नावही काढायचं नाही. कुणी 'कोंबडी' म्हटलं तरी त्या पदरानं कान झाकायच्या. सासरे, शालिग्रामआप्पा, जैनाबादला शेतातल्या घरी राहायचे. केळीची बाग सोडून त्यांना गावात झोप यायची नाही. दर रविवारी मथुराबाई पूल ओलांडून त्यांच्याकडं जायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. तेवढ्या वेळात गच्चीवर वेगळी शेगडी पेटायची, वेगळं पातेलं निघायचं. योगेंद्रभाऊ मेथीच्या जुडीखाली काळी पिशवी लपवून आणायचे. आमच्याकडं पुष्कळ घरांत असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खाल्लं तरी चालतं, फक्त घराच्या आत आणि बोलण्यात ते येता कामा नये.

पण ठरवायला तर बोलावंच लागतं. त्यासाठी त्यांच्याकडं एक शब्द होता. स्वाहिलीत कोंबडीला 'कुकू' म्हणतात. हिमानी लहानपणापासून तेच म्हणायची, मग घरात तोच रुळला. "उद्या कुकू करायचं का?" "कुकूला आलं संपलंय." मथुराबाई शेजारी बसून वाती वळत असायच्या आणि कुणालाच काही धोका वाटायचा नाही.

मथुराबाईंच्या बोलीत कुंकवाला कुकू म्हणतात, हे एवढ्या महिन्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या गुरुवारी भाभींनी मनाशी काहीतरी ठरवलं. स्वयंपाकघरात भाऊंना म्हणाल्या, "अहो, या रविवारी कुकू करू आणि शेजारच्यांना बोलवू. कुणी येत नाही म्हणत बसण्यापेक्षा आपणच बोलवावं. दोन नारळ आणा. मी वाट्या आणते, आपल्याकडं सारख्या वाट्याच नाहीत."

बाहेर ओसरीवर मथुराबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. सुनेनं या संक्रांतीला हळदीकुंकू केलं नाही, हे त्यांना आत कुठंतरी टोचत होतं. बोलल्या नव्हत्या. आणि आता सून आपणहून कुकू करतेय, नारळ आणतेय म्हणजे ओटी भरणार, वाट्या आणतेय म्हणजे वाणसुद्धा ठरलं!

घरातल्या मोठ्या बाईनं आवतण द्यायचं असतं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक घरात सांगून आल्या, "रविवारी आमच्या रंजीकडं कुकू आहे. यायचंच."

आमच्याकडंही आल्या होत्या. आईला नवल वाटलं, कारण त्याच दिवशी संध्याकाळी भाभी येऊन "रविवारी जेवायलाच या" असं सांगून गेल्या. समोरच्या गायत्रीभाभींचं तर डोकंच चक्रावलं. त्यांना रंजिताभाभींनी सांगितलं होतं, "सुधाकरभाऊंना पण आणा."

"हळदीकुंकवाला आदमी?" गायत्रीभाभी आईला विचारत होत्या. "आणि वर जेवण?"

"तिकडची पद्धत असेल," आई म्हणाली. "तिथं मामा पण बाई असतात."

शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मथुराबाई सुनेला म्हणाल्या, "उद्या मी आप्पाकडून चांगली केळी घेऊन येते. लवकर येईन."

"सावकाश या, आत्याबाई," भाभी म्हणाल्या. "काही घाई नाही."

रविवारी दुपारी मी भाभींच्या गच्चीवर होते. मला तो पिलाव शिकायचा होता. कांदा त्यांनी उभा चिरला होता, डोंगरभर. तेलात टाकून त्या परतत राहिल्या. लाल झाला तरी थांबेनात.

"भाभी, जळेल."

"जळायच्या अगदी अलीकडं थांबायचं. पिलावाला रंग हळदीनं येत नाही, कांद्यानं येतो. इथं घाई केलीस तर पांढरा फटक भात खायचा."

कांदा चॉकलेटी झाला तेव्हा त्यात आलं-लसूण पडलं, मग खलबत्त्यात कुटलेला मसाला. जिरं सगळ्यात जास्त, मग मिरी, दालचिनी, वेलची, दोनचार लवंगा. एवढंच. मी तिखटाचा डबा पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला.

"तिखट नाही? मग खायचं काय?" मी विचारलं. आमच्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

"मिरची कचुंबरीत. कांदा, टमाटं, हिरवी मिरची, लिंबू. ज्याला जेवढं सोसेल त्यानं तेवढी घ्यावी. मामा झुहुरा म्हणायच्या, भातातच तिखट टाकलं तर पाहुण्याला पळायला जागा राहत नाही."

मसाल्यात कोंबडीचे तुकडे आणि बटाट्याच्या मोठ्या मोठ्या फोडी परतल्या. नारळाचं दूध काढून ठेवलं होतं, ते पाण्याबरोबर ओतलं. उकळी आली, कोंबडी अर्धी शिजली, मग भिजवलेला तांदूळ. पाणी तांदळाच्या वर बोटभर. ते आटत आलं तशी भाभींनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शेगडीतले निखारे चिमट्यानं उचलून झाकणावर मांडले. वरून आणि खालून अशी दोन्हीकडून धग. आमच्या तोंडाला पाणी सुटेल असा वास सुटला. बिर्याणीसारखा अंगावर येणारा नाही. जिऱ्याचा, नारळाचा, थोडा गोडसर.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. कठीण काहीच नाही यात. फक्त खाणारी माणसं लागतात," भाभी म्हणाल्या आणि जिन्याकडं बघत राहिल्या. "येतील ना गं त्या?"

तेवढ्यात खाली गेट वाजलं.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. गायत्रीभाभी होत्या. काठापदराची हिरवी साडी, नथ, केसांत मोगऱ्याचा गजरा. मागे सुधाकरभाऊ, इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यावर गोंधळ. त्यांच्या मागे गल्लीतल्या निर्मलाकाकू आणि आमची आई. त्यांच्या मागे अश्विनी, तिची सासू आणि तिची नणंद. आणि गल्लीच्या वळणावरून अजून येतच होत्या, सगळ्या नटूनथटून, कुणाच्या हातात तिळाची वडी, कुणाच्या हातात फुलं.

भाभी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गाऊनला कांद्याचा वास आणि हाताला मसाला. "इतक्या?" त्या पुटपुटल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आल्या गं सगळ्या!"

त्या तशाच खाली धावल्या. मी मागून.

पुढची खोली भरून गेली. सतरंजीवर, पलंगावर, उंबऱ्यात. सगळ्या जणी एकमेकींकडं आणि भाभींच्या गाऊनकडं बघत होत्या. पाटावर करंडा नाही, अत्तरदाणी नाही, तबक नाही.

"भाभी," निर्मलाकाकूंनी हळूच विचारलं, "कुकू कुठं मांडलंय?"

"वर, गच्चीवर," भाभी उत्साहानं म्हणाल्या. "होतच आलंय. दहा मिनिटं दम लागू द्या."

निर्मलाकाकूंनी जिन्याकडं मान वळवली.

"दम?" अश्विनीची सासू म्हणाली.

"निखारे ठेवलेत झाकणावर."

"कुकवावर निखारे!" सासू तोंडाला पदर लावत उठायलाच लागली. गायत्रीभाभींनी तिला बसवलं. तिकडची पद्धत असेल, असं त्यांचे डोळे सांगत होते, पण आता त्यांच्याही विश्वासाला तडा जात होता. जिन्यावरून वास खाली उतरत होता. सुधाकरभाऊंनी तो सगळ्यात आधी ओळखला. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला.

आणि त्याच वेळी दारात ऑटो थांबली. मथुराबाई उतरल्या, मागून ऑटोवाला केळीचा घड खांद्यावर घेऊन. उंबऱ्यात चपलांचा ढीग बघून त्या जागीच थांबल्या. त्यांना झालेला आनंद लपवता येत नव्हता.

"आल्या वं सगळ्या! बसा, बसा. मला उशीर झाला माय, पुलावर ट्रक बंद पडलेला. रंजी, अजून गाऊनवर काय करून राहिली तू? हे केळी वाट्यांत ठेव एक एक, वाण होऊन जाईल. नारळ फोडला नाही ना? ओटीला लागतो तो."

भाभींनी माझ्याकडं पाहिलं. मग सासूकडं, मग त्या सगळ्या गजऱ्यांकडं. एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात जागेवर बसत गेली ती मला समोर दिसत होती. नारळ, वाट्या, आवतण. या बायका त्यांच्याकडं आल्या नव्हत्या. त्या हळदीकुंकवाला आल्या होत्या.

अजूनही सुटका होती. योगेंद्रभाऊ दाराआडून खूण करत होते, की गच्चीचं दार लावतो, मसालेभात म्हणून सांग. भाभींनी ती खूण पाहिली. आज झाकलं असतं तर सगळं निभावलं असतं. कुंकू लावून, वाण घेऊन बायका घरी गेल्या असत्या आणि उद्यापासून पुन्हा गेटवरून हसल्या असत्या.

"आत्याबाई," भाभी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी हळदीकुंकू नाही ठेवलं. कुकू म्हणजे... तिकडं कुकू म्हणजे कोंबडी. वर कोंबडीचा भात आहे. यांना तोच खायला बोलावलं होतं मी."

ऑटोवाल्यानं घड खाली ठेवला आणि पैसे न मागता बाहेर जाऊन उभा राहिला.

मथुराबाईंनी कान झाकले नाहीत. त्या हिशोब लावत होत्या. "म्हणजे दर शनिवारी तुम्ही दोघं कुकू कुकू करून राहिले..."

"हो."

"आणि मी मनात म्हणायची, सून किती देवाधर्माची."

भाभींच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. त्या सासूकडं बघत नव्हत्या, उंबऱ्यातल्या चपलांकडं बघत होत्या. आता त्या एकेक करून उचलल्या जाणार, एवढंच त्यांना दिसत असावं.

तेव्हा निर्मलाकाकूंच्या घशातून कसलासा आवाज आला. आधी वाटलं ठसका लागला. "म्हणजे मथुराबाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्ही... माळ घालून... घरोघर जाऊन... कोंबडीचं आवतण देऊन आल्या?"

गायत्रीभाभी फुटल्या. मग अश्विनी, मग तिची नणंद. खोलीभर बांगड्या वाजायला लागल्या. आईला तर खोकला आला. "आणि मला म्हणाल्या, यायचंच!" "मला म्हणाल्या, लेकीला पण आण!" अश्विनीची सासू तेवढी पदर धरून बसली होती, पण पदराआडून तिचे खांदे हलत होते.

मथुराबाई हसल्या नाहीत. त्या सरळ आत गेल्या. हसणं आपोआप विरलं. देवघराचं दार उघडल्याचा आवाज आला. भाभी भिंतीला टेकल्या.

मथुराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा करंडा होता, चांदीचा, काळा पडलेला. तो त्यांनी पाटावर ठेवला.

"बायका दारात आल्या, तशाच पाठवायच्या का?" त्या सुनेला म्हणाल्या. "जा, अंघोळ कर. चांगली साडी नेस. मसाल्याच्या हातानं कुकू लावशील काय? आणि माझ्याशी आज बोलू नको. मी रागात आहे."

भाभी धावतच न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या त्या ओल्या केसांनी, कुठल्याशा भडक केशरी साडीत, पिना न लावता. एकेकीला हळदीकुंकू लावलं. नव्या वाट्यांत एकेक केळ ठेवून वाण दिलं. गायत्रीभाभींनी उलट भाभींना कुंकू लावलं आणि त्यांच्या नाकावर सांडलेलं पदरानं पुसलं. "अरे यार, तू आधी बोलली असती, तर मी पंधरा दिवसांआधीच बोलावलं असतं तुला. आम्हाला वाटलं, तुला हे सब फालतू वाटेल."

"मला वाटलं, तुम्हाला मीच नको," भाभी म्हणाल्या.

"पागल आहेस."

सगळ्यांना कुंकू लावून झालं. मथुराबाई दाराशी पाट घेऊन बसल्या, पाठ जिन्याकडं करून. "आता ज्यांना घरी जायचं त्यांनी घरी जावं," त्यांनी समोरच्या भिंतीला सांगितलं. "ज्यांना वर जायचं त्यांनी वर जावं. मला मागचं दिसत नाही."

सुधाकरभाऊ सगळ्यांच्या आधी उठले. "मला तर भाभींनी नाव घेऊन बोलावलंय," म्हणाले आणि जिना चढायला लागले. मग गायत्रीभाभी, मग आई, मग एकेक करत बऱ्याच. ज्या खात नव्हत्या त्या मथुराबाईंजवळ थांबल्या, त्यांच्यासाठी मी चहा टाकला. पण थोड्या वेळानं त्यांतल्या दोघी "नुसतं बघून येतो" म्हणून वर आल्या आणि कचुंबरीच्या वाट्या घेऊन कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

झाकण काढलं तेव्हा पिलाव कांद्याच्या रंगाचा, मोकळा, वर बटाट्यांच्या कडा लालसर. गच्चीवर ताटं कमी पडली तशी खालून आमच्या घरची आली, मग गायत्रीभाभींच्या घरची. "तिखट नाही गं यात," निर्मलाकाकू पहिल्या घासाला म्हणाल्या. दुसऱ्या घासाला कचुंबरी घेतली. तिसऱ्या घासानंतर ताटच पुढं केलं.

"हा मामानं शिकवला?" आईनं सगळ्यांसमोर मुद्दाम विचारलं.

"कोणत्या मामानं?" अश्विनी म्हणाली, आणि मग ते सगळं पुराण पुन्हा सुरू झालं. काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण. "म्हणजे मी तुझी दादा," गायत्रीभाभी म्हणाल्या. सुधाकरभाऊंनी विचारलं की मग ते कोण. "तुम्ही जेवा," असं त्यांना सांगण्यात आलं.

खालून मथुराबाईंचा आवाज आला. "रंजी! पुरून राहिलं का सगळ्यांना?"

भाभी कठड्यापाशी गेल्या. "पुरलं, आत्याबाई."

"मीठ?"

"बरोबर आहे म्हणतात."

"हं," खालून एवढंच आलं. मग जरा वेळानं, "आणि मी अजून रागातच आहे."

"हो, आत्याबाई."

अंधार पडायला लागला होता. किल्ल्याच्या बाजूनं गार वारा आला तशा बायकांनी पदर अंगाभोवती घेतले, पण कुणी उठेना. भाभी झारा घेऊन आवरायला लागल्या, तर गायत्रीभाभींनी त्यांच्या हातातून झारा काढून घेतला. त्या पातेल्याशी उकिडव्या बसल्या आणि तळाला लागलेली खरपूड खरवडायला लागल्या, स्वतःच्याच घरी असल्यासारख्या.

"ही कुणी खात नाही काय? सगळ्यात भारी तर हीच आहे." त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, एक अश्विनीला दिला. मग मान वर करून म्हणाल्या, "आणि तू उभी काय राहिली गं? बस ना."

भाभींनी बसायला जागा शोधली. सगळी गच्ची भरलेली होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर आई आणि निर्मलाकाकू बसल्या होत्या. त्यांनी थोडं थोडं सरकून मधे जागा केली. तेवढ्या चिंचोळ्या जागेत भाभी अंग चोरून बसल्या आणि पुढं आलेली खरपूड हातात घेतली.